उसवली की उसवलीस?

किंक्रांतीच्या सकाळी पंचवटीतल्या आमच्या गच्चीवर भाचा मांज्याचं गुंतवळ पुढ्यात घेऊन बसला होता. (गुंतवळ खरं तर विंचरताना निघालेल्या केसांचं, पण मांज्यालाही शोभतं.) आदल्या दिवशी पतंग कापला की 'वकाट' ओरडून घसा बसलेला, त्यामुळे चिडचिडही घोगऱ्या आवाजात चालली होती.

"ओढू नकोस, आवळेल. आधी ढिलं कर," आत्या म्हणाली. "गुंता उकलायचा असतो, दोरा उलगडायचा असतो, आणि उसवायची असते ती शिवण."

आत्या येवल्याची. तिथं पतंगाचा मांजा गुंडाळतात ती आसारी, आणि पैठणीचं रेशीम गुंडाळतात तीही आसारीच. रेशीम आसारीवरून उलगडत कांडीवर, म्हणजे छोट्या नळीवर जातं, कांडी धोट्यात बसते, धोटा ताण्यातून, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांतून इकडून तिकडे धावतो आणि कांडीवरचा धागा पुन्हा उलगडत राहतो. कापडात शिरेपर्यंत त्याला गुंडाळणं आणि उलगडणं सुटत नाही. त्यात मध्येच गुंता झाला, तर तो उकलायला नखं नाही, बोटांची पेरं वापरायची, असं आत्या सांगते. नखाला रेशीम अडकतं.

वर्तमानपत्रात खुनाची उकल होते, घडी केलेली साडी उलगडते, एखाद्या बोलण्याचा उलगडा दोन दिवसांनी होतो. हे सगळे अर्थ दोऱ्यातूनच आले असावेत, अशी माझी आपली समजूत.

पण मला या शब्दांची गंमत वाटते ती वेगळीच. तुटणं आणि तोडणं, फाटणं आणि फाडणं, सुटणं आणि सोडणं या जोड्यांत आपोआप झालं की कुणी केलं ते लगेच कळतं. उकलणं, उलगडणं, उसवणं यांना असा जोडीदारच नाही. कळी उलगडते आणि आपण साडीही उलगडतो. लहानपणी शाळेच्या फ्रॉकची बाही मला मुळीच आवडायची नाही. एकदा मधल्या सुट्टीत दोरा सापडला, तो खेचत खेचत निम्मी बाही सुटी केली आणि घरी येऊन सांगितलं, "बाही उसवली." वाक्यात खोटं काहीच नव्हतं. आईनं सुई ओवता ओवता, मान वर न करता विचारलं, "उसवली की उसवलीस?" त्या एका 'स'ला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

अर्ध्या तासानं गच्चीवर गेले तर भाच्याच्या आसारीवर मांजा नीट गुंडाळलेला. इतक्यात उकलला? कोपऱ्यात पाहिलं, तर गुंत्याचा मोठा गोळा तसाच पडलेला.

"तोडलास ना रे?"

"नाही गं मावशी," तो म्हणाला, "तुटला."