आमची वाटचाल : इंटरनेट नसलं तरी चालू होणारं सॉफ्टवेअर

आमची कंपनी कोल्हापुरात आहे आणि आम्ही दूध संस्थांसाठी सॉफ्टवेअर करतो. सकाळ-संध्याकाळचं संकलन, वजनकाटा, फॅट मशीन, दहा दिवसांचं बिल, पशुखाद्याची कपात, दिवाळीच्या तोंडावर दूध फरक, म्हणजे वर्षभराच्या दुधावर सभासदाला मिळणारी वाढीव रक्कम. काम एवढंच, पण त्यात खाडा चालत नाही. गाईला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), म्हशीला ६ आणि ९, या गुणप्रतीवर मूळ दर ठरतो आणि पुढे पॉइंटप्रमाणे वर-खाली होतो. सभासदाला पावती लागलीच हातात मिळाली नाही तर रांग थांबते. दूध न्यायला आलेला टेम्पो मात्र थांबत नाही.

सुरुवातीचं सॉफ्टवेअर व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये होतं. सीडी घेऊन मोटारसायकलवरून गावात जायचं, सेटअप चालवायचं, सचिवांना दाखवायचं आणि परत यायचं. सिरियल पोर्टवरून फॅट मशीनचं रीडिंग घेणारी ओसीएक्स फाइलसुद्धा त्याच सीडीत असायची. बाहेरून काही आणायचं नसे, त्यामुळे संस्थेत इंटरनेट आहे का, हा प्रश्नच कधी पडला नाही.

पुढे युनिकोड मराठी हवं झालं, तालुक्याच्या कार्यालयाला रोजचे आकडे हवे झाले, आणि आम्ही पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेवर आलो. वेब-प्रोग्रामचा सांगाडा देणारं जँगो, डेटाबेसशी बोलायला सायकोपीजी, सिरियल पोर्टला पायसिरियल, सभासदांच्या फोटोंसाठी पिलो. आमच्यासारख्या छोट्या कंपनीला एवढं सगळं फुकट मिळणं ही मोठीच गोष्ट आहे, आणि हे लिहिणाऱ्यांबद्दल मला मनापासून कृतज्ञता आहे. पण या लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेले तयार कोड, ‘पिप’ या पायथनच्या साधनाने इंटरनेटवरून उतरवायच्या असतात. गगनबावड्याकडे पाऊस लागला की लाइट जाते आणि लाइटबरोबर टॉवरही. संगणक टेबलावर, आमच्या कंपनीचा मुलगा समोर, संध्याकाळच्या संकलनाची वेळ जवळ आलेली आणि पिप अर्ध्यावर अडकलेलं, असे प्रसंग दर पावसाळ्यात यायला लागले.

इंटरनेट असलं तरी दुसरी अडचण होतीच. आपण मागतो चार लायब्ररी, त्या आपापल्या गरजेच्या आणखी आणतात. ज्येष्ठात एका गावात जे बसलं तेच श्रावणात दुसऱ्या गावात बसेल याची खात्री राहत नाही. जगभर याचे दाखले आहेत. मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ नावाची अकरा ओळींची जावास्क्रिप्ट लायब्ररी तिच्या लेखकाने एनपीएम या जावास्क्रिप्टच्या सार्वजनिक साठ्यावरून काढून घेतली आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या असंख्य प्रकल्पांचं बिल्ड (कोडपासून प्रोग्राम तयार करणं) एका दिवसात बंद पडलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘मार्कअपसेफ’ या पायथन लायब्ररीच्या २.१ आवृत्तीतून एक जुनं फंक्शन गेलं, तर तिच्यावर अवलंबून असलेली जुनी ‘जिन्जा’ लायब्ररी वापरणाऱ्यांचे चालते प्रोग्राम नव्याने बसवताना अडले. कोणी काही वाईट केलं नव्हतं. नव्या आवृत्तीत जुनं काढणं हा लेखकाचा हक्कच आहे. पण त्याचा भार दूध घेऊन रांगेत उभ्या असलेल्या माणसावर पडू नये, असं मला ठामपणे वाटतं.

म्हणून आम्ही ठरवलं की सॉफ्टवेअरला जे जे लागतं ते त्याच्याबरोबरच जाईल. हे सगळं ज्या फोल्डरात असतं त्याला ऑफिसमध्ये सगळे ‘शिदोरी’ म्हणतात. कार्यालयात चांगल्या इंटरनेटवर ‘पिप डाउनलोड’ने सगळ्या व्हील फाइली (लायब्ररीची बसवायला तयार पाकिटं) उतरवायच्या, प्रत्येकीचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा तिचा ठसा, यादीत नोंदवायचा, आणि बसवताना पिपला बजावायचं की बाहेर बघू नकोस, याच फोल्डरातून घे आणि हॅश जुळला नाही तर थांब. नंतर एक पाऊल पुढे जाऊन खुद्द पायथनच बरोबर दिलं. विंडोजसाठी पायथनची एक एम्बेडेबल, म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या आत घालून देता येणारी, झिप मिळते. तिच्यातल्या छोट्याशा ‘पीटीएच’ फाइलमध्ये आपल्या फोल्डरचा मार्ग लिहिला की संगणकावर आधीचं कुठलं पायथन आहे-नाही, याच्याशी आपला संबंध उरत नाही.

वाचायला सोपं वाटतं, पण खरी मेहनत बारीकसारीक गोष्टींत गेली. व्हील फाइलच्या नावातच पायथनची आवृत्ती आणि मशीनचा प्रकार लिहिलेला असतो. संस्थांकडे ३२ बिटचं विंडोज ७ अजून होतं, आणि विंडोज ७ वर चालणारी शेवटची पायथन आवृत्ती ३.८. म्हणजे ३२ बिटची शिदोरी वेगळी, ६४ बिटची वेगळी. शिवाय त्या एम्बेडेबल झिपमध्ये मायक्रोसॉफ्टचा सी रनटाइम (प्रोग्राम चालायला लागणाऱ्या मूळ फाइली) नसतो. तो सॉफ्टवेअर देणाऱ्यानेच पुरवायचा असतो, म्हणून तोही आत घेतला. कार्यालयात एक जुना संगणक नेटची वायर काढूनच ठेवला आहे. कोरं विंडोज टाकून त्याच्यावर सगळं बसलं, काट्याचं वजन आलं, फॅट मशीनचं रीडिंग आलं, पावती छापली गेली, तरच पेन ड्राइव्ह गावाला जातो.

या फाइली कोडच्याच गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाचा इतिहास जपणाऱ्या साठ्यात, ठेवा असं पुष्कळ जण सांगतात. शुद्ध पायथनच्या छोट्या लायब्ररींसाठी ते उत्तम. मशीनच्या भाषेतल्या बायनरी फाइली मात्र प्रत्येक बदलाबरोबर इतिहासात साचत जातात आणि रिपॉझिटरी जड होते, म्हणून आम्ही त्यांचा साठा वेगळा ठेवून गिटमध्ये फक्त यादी आणि हॅश ठेवतो.

लायब्ररी आपल्या घरात आणून ठेवली की तिची काळजीही आपल्याच गळ्यात येते, आणि मला हा भाग सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी चित्रं उघडणाऱ्या ‘लिबवेबपी’त गंभीर दोष सापडला. आमच्या यादीत लिबवेबपी हे नाव कुठेच नव्हतं. पण पिलोच्या व्हीलच्या पोटात ती होती. पिलोची दुरुस्त आवृत्ती १०.०.१ त्याच महिन्यात आली आणि आम्ही शिदोरी बदलून पाठवली. तेव्हापासून यादीत व्हीलच्या आत दडलेल्या सी भाषेतल्या लायब्ररीही लिहितो. हे काम आमची एक सहकारी बघते. लायब्ररींतले जाहीर झालेले दोष शोधणारं ‘पिप-ऑडिट’ ती नियमित चालवते आणि दोष निघाला तर बाकीची कामं बाजूला ठेवायचा तिला पूर्ण अधिकार आहे.

या यादीने आम्हाला धंद्यातही पत मिळवून दिली. डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉग४जे’ या जावा लायब्ररीचा दोष गाजला तेव्हा एका मोठ्या ग्राहकाने लेखी विचारणा केली. शिदोरीत जावाचं काहीच नव्हतं, हे यादी लावून त्याच दिवशी कळवता आलं. पुढच्या कराराच्या वेळी त्यांनी तीच यादी करारपत्राला जोडायला सांगितली. आता प्रत्येक करारात ती असते, आणि सोबत प्रत्येक लायब्ररीचा परवानाही. जँगो आणि पायसिरियल बीएसडी परवान्याखाली आहेत, सायकोपीजी एलजीपीएलखाली. दुसऱ्याची मेहनत आपल्या पेटीतून देताना त्याचं नाव आणि अटी सोबत जायलाच हव्यात.

वार्षिक देखभालीचा दर आम्ही यापायी थोडा वाढवला आणि संचालक मंडळांसमोर बसून कारण सांगितलं. बहुतेकांना ते पटलं, कारण संकलन बंद पडल्यावर काय होतं हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे.

पायथन ३.८ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं ऑक्टोबर २०२४ मध्ये थांबलं, त्यामुळे विंडोज ७ ची शिदोरी बंद करणं भाग आहे. जुने संगणक असलेल्या संस्थांना तसं पत्र गेलं आहे. नवीन मशीनची रक्कम एकदम जमत नसेल तर आमच्याकडचं मशीन हप्त्यावर द्यायची तयारी ठेवली आहे. गगनबावडा आणि राधानगरीकडची मशीन पावसाआधी बदलून घ्यायची, आणि बाकीच्या संस्थांची मशीन दूध फरकाची गडबड सुरू व्हायच्या आत.