‘मॅडम, गाडी त्रास देते का हो?’ तुम्ही विचारलंत म्हणून…

विचारण्याची पद्धत ठरलेली आहे. आधी गाडीभोवती एक चक्कर, मग टायरवर नजर, मग बोनेटवर अलगद हात, आणि शेवटी आवाज जरा खाली आणून, ‘मॅडम, खरं सांगा, त्रास देते का हो?’ विचारणारे बहुतेक आमच्याच धंद्यातले. मी मिरजेत भूलतज्ज्ञ आहे. मिरजेत डॉक्टर मुबलक, त्यामुळे जर्मन गाडी घेऊ की नको या विचारात अडकलेलेही मुबलक. प्रत्येकाला जिन्यात उभं राहून अर्धवट उत्तर देण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून टाकते. कंपनीचं आणि डीलरचं नाव मात्र सांगणार नाही.

गाडी डिझेल सेडान, बीएस-६ हे धुराच्या प्रदूषणाचे नवे नियम आल्यानंतर घेतलेली. इंजिन आणि गिअरबॉक्स यांनी आजवर एकदाही दगा दिलेला नाही. नाइट ड्यूटी उरकून पुण्याला निघालं, की खंबाटकी कधी उतरलो ते कळत नाही. ताशी शंभरला शेजारच्या माणसाशी कुजबुजत बोलता येतं. याबद्दल तक्रार करणं म्हणजे कृतघ्नपणा होईल. त्रास देतो तो त्या इंजिनाभोवतीचा गोतावळा. सेन्सर, रबरी बुश, प्लास्टिकचे पाइप, वायरिंगचे जोड. आणि खरा मनस्ताप त्याच्याही पुढे सुरू होतो, म्हणजे वर्कशॉपच्या काचेच्या दारापासून.

माझ्या गाडीचं दुखणं सांगते, म्हणजे मुद्दा कळेल. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं. डिझेलच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड कमी करायला या वर्गातल्या गाड्यांना ॲडब्लूची वेगळी टाकी आली. ॲडब्लू म्हणजे ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध केलेलं पाणी. ते गरम धुरात फवारलं की अमोनिया तयार होतो आणि विषारी ऑक्साइडचं नायट्रोजन आणि वाफ होऊन जातं. हे नीट चाललंय ना, यावर सेन्सर पहारा देतात. पहारेकऱ्याला संशय आला, की समोरच्या पडद्यावर आकडा येतो: इतक्या किलोमीटरनंतर इंजिन सुरू होणार नाही. ही पोकळ धमकी नसते. आकडा शून्यावर आल्यावर गाडी एकदा बंद केली की पुन्हा सुरू होत नाही. इंजिन ठणठणीत, बॅटरी भरलेली, टाकी फुल, आणि गाडी अंगणात ढिम्म.

रात्री दीडला सिझेरियनसाठी फोन आला की पहिली नजर त्या आकड्यावर जायची. त्या काळात मी बऱ्याचदा नवऱ्याच्या जुन्या वॅगनआरमधून गेले आहे. ती अजून आहे, आणि तिला कसलाही संशय येत नाही.

आमचा डीलर पुण्यात. गाडी फ्लॅटबेडवर चढवून पाठवायची आणि वाट बघायची. पहिल्या खेपेला सेन्सर बदलला. वॉरंटीत होती म्हणून खिशाला चाट बसली नाही. गाडी परत आली, धुऊन-पुसून चकाचक, आत सुगंध मारलेला. पंधरवड्यात दिवा पुन्हा पेटला. दुसऱ्या खेपेला सॉफ्टवेअर अपडेट झालं. पुन्हा चकाचक, पुन्हा सुगंध, पुन्हा दिवा. त्यानंतरच्या खेपेला उत्तर आलं, ‘मॅडम, आमच्याकडे फॉल्ट दिसतच नाहीये.’ यात कुणी खोटं बोलत नव्हतं. कधी दिसणारा, कधी लपणारा दोष स्कॅनर लावला त्या घटकेला लपून बसला असेल, तर कागदावर गाडी निरोगी असते.

या सगळ्यात माझं बोलणं व्हायचं ते सर्व्हिस ॲडव्हायझरशी. हा मुलगा गोड बोलतो, टॅबलेटवर सही घेतो, कॉफी विचारतो आणि पुढच्या वेळी तिथे नसतो. दर खेपेला नवा चेहरा, आणि दर खेपेला पहिल्यापासून कहाणी. त्यातही गाडी माझ्या नावावर, हप्ते माझ्या खात्यातून, चालवते मी, आणि फोनवर पहिला प्रश्न, ‘साहेबांशी बोलता येईल का?’ साहेबांना ॲडब्लूची टाकी कुठे भरतात तेही ठाऊक नाही. त्यांनी एकदा फोन घेतला आणि शांतपणे सांगितलं, ‘मालकीणबाईंना विचारा, मला गाडीला हात लावायची परवानगी नाही.’

गाडी परत मिळाली की दोन दिवसांत रेटिंगसाठी फोन येतो. त्याच्या आधी ॲडव्हायझरचा स्वतःचा फोन येऊन गेलेला असतो: ‘मॅडम, दहापैकी दहाच द्या, कमी दिले तर आमच्या इन्सेंटिव्हला बसतं.’ मी दिलेही आहेत दहा. पोराच्या पगारावर कशाला उठायचं? पण असे दहा देणारे माझ्यासारखे बरेच असणार. मग त्या वर्कशॉपमध्ये सगळं उत्तम चाललंय, असंच वरच्यांना दिसणार. सोफा, कॉफी, पिकअप-ड्रॉप, वाढदिवसाचा मेसेज यांत कुठेही कमी नाही. कमी असते ती गाडी उघडून तिचं दुखणं ओळखणाऱ्या माणसाची. तो असतो, पण तुमच्या आणि त्याच्या मध्ये चार हसतमुख माणसं उभी असतात.

शेवटी मीच सुट्टी टाकून पुण्याला गेले आणि सांगितलं, की ज्याचे हात गाडीला लागणार आहेत त्याच्याशी बोलल्याशिवाय मी इथून हलणार नाही. बरीच कुजबुज झाली. मग आतून एक पन्नाशीचे फोरमन आले, बेळगावकडचा हेल. त्यांनी विचारलं ते आजवर कुणी विचारलं नव्हतं. दिवा सकाळी पेटतो की गाडी तापल्यावर? ॲडब्लू भरल्यानंतर लगेच का? पावसात जास्त का? मग गाडी लिफ्टवर घेऊन खालचं आवरण काढलं आणि मला हाक मारली. टाकीजवळच्या एका कनेक्टरचं टोपण त्यांनी उघडून दाखवलं. आत पिनांभोवती मिठासारखे पांढरे कण साचले होते. जोडातून ॲडब्लू कणाकणाने झिरपत वायरच्या आत शिरलं होतं, पाणी उडून गेलं आणि युरिया मागे राहिला. त्यामुळे संदेश कधी जायचा, कधी अडायचा. सेन्सर बिचारा पहिल्यापासून शुद्धीवर होता. वायरिंगचा तेवढा तुकडा आणि गळका भाग बदलला, आणि तो आकडा पुन्हा दिसला नाही.

वायरिंगचा तुकडा मात्र जर्मनीहून यायचा होता. इथे लोक हटकून विचारतात, ‘पण गाडी तर भारतातच बनते ना?’ जोडली जाते. मर्सिडीज चाकणला, बीएमडब्ल्यू चेन्नईजवळ, ऑडी छत्रपती संभाजीनगरच्या शेंद्र्याला. यातले बरेचसे भाग पेट्यांतून येतात आणि इथे त्यांची गाडी उभी राहते. कारखान्याच्या दारात रोज गाड्या बाहेर पडत असल्या, तरी तुम्हाला हवा असलेला एखादा ब्रॅकेट तिथल्या फळीवरून उचलून कुणी देत नाही. तो सुट्या भागांच्या वेगळ्या गोदामातून येतो, आणि तिथे नसला तर समुद्रापलीकडून. ब्रेक पॅड, फिल्टर, तेल यांसाठी थांबावं लागत नाही. थांबावं लागतं ते सहसा न बिघडणाऱ्या वस्तूसाठी.

‘मग बाहेरच्या गॅरेजमध्ये का नेत नाही?’ नेते की. ब्रेक, सस्पेन्शनचे बुश, एसी यांसाठी कोल्हापुरात एक चांगला माणूस आहे. बुश किंवा बेअरिंग तो मूळ पुरवठादाराच्याच डब्यातून घेतो, फक्त त्यावर गाडीचं चिन्ह नसतं, आणि बिलात बराच फरक पडतो. पण त्याचे हात एका ठिकाणी अडतात. या गाड्यांत साधी बॅटरी बदलली तरी गाडीला स्कॅनरने तसं कळवावं लागतं, आणि काही कंट्रोल युनिट, म्हणजे गाडीतले छोटे संगणक, नवे बसवले तर कंपनीच्या सर्व्हरशी बोलल्याशिवाय जागेच होत नाहीत. सुटे भाग आणि निदानाची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत, म्हणून स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना एकूण २,५४४ कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. त्यांत जर्मन होत्या, जपानी होत्या, आपल्या देशीही होत्या. प्रकरण पुढे अपिलात गेलं. माझ्या कोल्हापूरच्या माणसाला कंपनीचा स्कॅनर अजून मिळालेला नाही.

आता तुम्ही डॉक्टर असाल तर एक गोष्ट तुम्हाला चटकन पटेल. जॉब कार्ड हा गाडीचा केसपेपर आहे, आणि केसपेपरवर जे लिहिलं नाही ते घडलंच नाही. ॲडव्हायझरला सवय असते ‘जनरल चेकअप’ किंवा ‘वॉर्निंग लाइट चेक’ असं लिहून मोकळं व्हायची. सही करायच्या आधी आपली तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्या: ‘ॲडब्लूचा इशारा, पडद्यावर किलोमीटरचा आकडा, तिसऱ्यांदा.’ पडद्याचा फोटो काढा. जुन्या जॉब कार्डाचा क्रमांक नव्यावर टाकायला लावा. वॉरंटी संपल्यावर ‘गुडविल’ नावाचा एक प्रकार असतो, म्हणजे कंपनी काही खर्च स्वतःहून उचलते. ते मागताना हीच कागदं कामाला येतात. ग्राहक आयोगातही तेच. अनेकांना वाटतं, आयोगात गेलं की नवी गाडी मिळते. माझ्या वकील मैत्रिणीने ते वारं लगेच काढून टाकलं. मोजलेली किंमत ५० लाखांवर असेल तर जिल्हा आयोग नाही, राज्य आयोग. आणि उत्पादनातला दोष आहे असं म्हणायचं तर तज्ज्ञाचा अहवाल हवा. वारंवार झालेल्या, पण न सुटलेल्या दुरुस्त्यांची लेखी साखळी असली तर निदान सेवेतल्या त्रुटीवर बोट ठेवता येतं.

आणखी एक त्रास आपल्या वापरातून येतो. घर सांगलीत, काम मिरजेत, म्हणजे रोज दहा-बारा किलोमीटर आणि तेही रखडत. धुरातली काजळी पकडणारा फिल्टर साठलेली काजळी जाळून स्वतःला साफ करतो, पण त्यासाठी गाडी बराच वेळ तापून, एका लयीत धावावी लागते. सांगली-मिरज रस्त्यावर ती लय कुठून आणायची? मग वर्कशॉपचा सल्ला, ‘मॅडम, हायवेला एक राउंड मारा.’ आमच्या घरात या सल्ल्याचं सोनं झालं आहे. महिन्यातून एखाद्या रविवारी फिल्टरच्या तब्येतीसाठी आम्ही कोल्हापूरला जातो आणि तांबडा-पांढरा ओरपून येतो. पण जिची रोजची धाव एवढीच आहे, तिने डिझेल घेऊच नये. शोरूममध्ये हे कुणी विचारत नाही. मी विचारते, म्हणून विचारणाऱ्यांपैकी निम्मे माझ्याकडून पेट्रोलकडे वळले आहेत.

टायरबद्दल थोडक्यात. बुटक्या कडांचे टायर आणि आपले खड्डे यांचं जमत नाही. रन-फ्लॅट, म्हणजे पंक्चर झाले तरी काही अंतर धावणारे असतील, तर डिकीत सहसा स्टेपनीच नसते, आणि एकेक टायर पंचवीस-तीस हजारांचा.

विम्याबद्दल मात्र थोडक्यात नको, कारण आपण सांगलीचे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फूट ओलांडले, धोक्याची पातळी ४५. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी शहरात. पाण्यात उभी राहिलेली गाडी चालते का ते बघायला म्हणून सुरू केली, की सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या पॉलिसीत विमा कंपनी याला मालकाची कृती म्हणते आणि हात झटकते. इंजिन प्रोटेक्ट हे वेगळं कव्हर घ्यावं लागतं. झिरो डेप, म्हणजे भागांची घसाऱ्याची रक्कम न कापणारं कव्हर, घेतलं म्हणजे हे आलं, असं ज्यांना वाटत होतं त्यातले काही जण आमच्याच गल्लीत राहतात. पाणी चढलं असेल तर बटणाला हात लावायचा नाही, फोटो काढायचे आणि गाडी उचलून न्यायची.

जुनी घेऊ का, हा प्रश्न हल्ली तरुण डॉक्टरांकडून जास्त येतो. साठ लाखांची गाडी सहा-सात वर्षांनी पंधरा-अठराला मिळते, मग मन चाळवतंच. गाडीची किंमत उतरते, हेडलाइटची उतरत नाही. भाग, मजुरी, टायर सगळं साठ लाखांच्या गाडीचंच राहतं, फक्त वॉरंटी गेलेली असते. घ्यायचीच तर पूर्ण सर्व्हिस हिस्टरी मागा, कंपनीच्या स्कॅनरवर स्वतः उभं राहून तपासणी करा, आणि गाडीच्या किमतीखेरीज एखादी मोठी दुरुस्ती झेपेल इतके पैसे बाजूला आहेत का ते बघा. नसतील तर नको. नवी घेणार असाल तर एक्स्टेंडेड वॉरंटीचे पैसे गाडीच्या किमतीतच धरा, आणि शोरूम बघण्याआधी वर्कशॉपच्या मागच्या दाराने जाऊन तिथला जुना फोरमन कोण ते विचारून या. आमच्या त्या फोरमनसाहेबांचा नंबर मी जपून ठेवला आहे. ते निवृत्तीला आले आहेत, हे ऐकल्यापासून मात्र जरा धाकधूक आहे.

‘मॅडम, पुन्हा हीच घ्याल का?’ पेट्रोल असेल तर बहुधा घेईन. डीलर दुसरा असेल तर नक्की घेईन. सध्याच्या गाडीच्या एक्स्टेंडेड वॉरंटीचं शेवटचं वर्ष चालू आहे, आणि ती संपायच्या आत विकायची असं घरात ठरलंय. त्रास देते का म्हणून विचारणाऱ्यांपैकी दोघे आता केवढ्याला देणार, असं विचारून गेले आहेत. जॉब कार्डांची जाडजूड फाइल गाडीबरोबरच देणार आहे. दोघांनाही वाचायला दिली. एकाने दुसऱ्या दिवशी परत आणून दिली. दुसऱ्याची अजून वाचून व्हायची आहे.