शंभरावं घर

"नव्याण्णव करा," बिल्डरचा माणूस खुर्चीत टेकायच्या आत म्हणाला. समोर स्क्रीनवर आमचा ब्रॉन्क्समधल्या इमारतीचा प्लॅन उघडा होता. १३२ घरं, चार महिन्यांचं काम.

मी न्यूयॉर्कमध्ये आर्किटेक्ट आहे, भाड्याच्या इमारतींचं काम करते. प्लॉटवर घरं किती बसतात याचं उत्तर खरं तर झोनिंगमध्ये, म्हणजे कुठे किती बांधायचं या शहराच्या नियमांत असतं: आमच्या प्लॉटला, राहण्यासाठी बांधता येणारं क्षेत्रफळ भागिले ६८०. आमचे ९०,००० चौरस फूट, म्हणून १३२. पण हल्ली हा भागाकार करायची वेळच येत नाही. आकडा बिल्डरच्या वकिलाकडून ठरून येतो.

मालमत्ता करात सवलत नसेल तर इथे भाड्याची इमारत परवडत नाही, हे प्रत्येक बिल्डर सांगतो. त्यांचे ताळेबंद पाहिल्यावर ते अगदीच रडगाणं वाटत नाही. १९७१ पासून चालत आलेली ४२१-ए ही सवलत जून २०२२ मध्ये संपली आणि एप्रिल २०२४ मध्ये तिच्या जागी ४८५-एक्स आली. शंभराच्या आतल्या इमारतीला २५ वर्षं पूर्ण करमाफी, पुढची दहा वर्षं थोडी. बदल्यात काही घरं बेतास बात उत्पन्न असलेल्यांना ठरवून दिलेल्या भाड्यात, कायमची. ६ ते ९९ घरांची इमारत असेल तर २० टक्के घरं. शंभर झाली की २५ टक्के, शिवाय बांधकामावरच्या मजुराला तासाला किमान ४० डॉलर (२०२४ चा दर). हा दर एकट्या शंभराव्या घराला लागत नाही, सबंध इमारतीला लागतो. ही रेघ ज्यांनी ओढली, त्यांना बिल्डर ९९ वर थांबेल हे सुचलं नसेल यावर माझा विश्वास नाही.

तर आमच्या १३२ मध्ये ३३ घरं परवडणारी होती. ९९ मध्ये वीस.

माणूस अर्ध्या तासात गेला. आमच्या बॉसनी मान डोलावली. ते बिल्डरसमोर नेहमीच मान डोलावतात. "शुक्रवारपर्यंत होईल ना?" एवढंच त्यांनी मला विचारलं.

क्षेत्रफळ तेवढंच आणि घरं ३३ ने कमी, म्हणजे भिंती पाडून घरं जोडायची. बाहेरच्याला वाटतं, दोन स्टुडिओंमधली, म्हणजे एका खोलीच्या घरांमधली, भिंत काढली की झाला फ्लॅट. त्या भिंतीत डक्ट असते. वरपासून खालपर्यंत प्रत्येक मजल्याच्या स्वयंपाकघराचे पाइप त्या एकाच डक्टमधून उतरतात. चौथ्या मजल्यावर तिचा अडसर होतो म्हणून ती तिथेच संपवता येत नाही. हलवायची तर सगळ्या मजल्यांवर हलवायची, नाहीतर कुणाच्या तरी दिवाणखान्याच्या मधोमध एक चौकोनी खांब उभा राहतो. दुपारी तीनपर्यंत मी फक्त डक्ट हलवत होते. त्यात परवडणारी घरं एकाच मजल्यावर कोंबायची नाहीत, सगळ्यांना दार एकच, आणि आम्ही निवडलेल्या पर्यायात त्यांच्यातलं लहान-मोठ्या घरांचं प्रमाण बाकीच्या घरांसारखंच हवं. हे नियम मला मनापासून आवडतात. मागे एका इमारतीत गरिबांना वेगळं दार काढलं होतं, त्यावरून शहरभर बोंबाबोंब झाली होती.

चारच्या सुमाराला अडचणीची गोष्ट लक्षात आली: प्लॅन सुधारला होता. आधी ४४ स्टुडिओ होते, अंधाऱ्या कॉरिडॉरच्या दोन्ही बाजूंना ओळीने, एकेका खिडकीचे. आता आठच उरले. तीन बेडरूमचा एकही फ्लॅट नव्हता, तिथे पंधरा झाले. कोपऱ्यातल्या फ्लॅटला दोन बाजूंनी वारा मिळाला. जे मी पहिल्या दिवसापासून मागत होते आणि "त्याला भाडं येत नाही" म्हणून नाकारलं जात होतं, ते या पळवाटेने आपोआप पदरात पडलं.

मग मी बसून खोल्या मोजल्या. परवडणाऱ्या ३३ घरांत झोपायच्या खोल्या होत्या चाळीस. नव्या वीस घरांत चौतीस. घरं तेराने घटली आणि खोल्या सहानेच. हे कमी वाईट आहे की फक्त हिशेबात कमी वाईट दिसतंय, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. एकट्या राहणाऱ्या म्हातारीला तीन बेडरूमचं घर मिळणार नाही, तिला स्टुडिओच हवा होता.

स्ट्रक्चरल इंजिनिअर आपल्याकडचाच आहे, साताऱ्याचा. त्याला फोन केला तर म्हणाला, "अगं, कॉलम हलले नाहीत ना? मग मला काय!" थोडं थांबून म्हणाला, "पण त्या मजुरांचे चाळीस डॉलर गेले की." खरंच, दिवसभर मी गेलेली घरं मोजत होते, मजूर माझ्या डोक्यातही आला नव्हता. चाळीस डॉलर या शहरात काही फार नाहीत. मी ज्या साइटवर जाते तिथे काहींना त्याच्या निम्मे मिळतात, हे मला ठाऊक आहे.

सगळं बसवल्यावर दुसऱ्या मजल्यावर मागच्या बाजूला एक तुकडा उरला, खिडकी असलेला, स्टुडिओएवढाच. त्याचं घर केलं असतं तर शंभरावं झालं असतं. प्लॅनवर त्याला "जिम" असं नाव दिलंय. त्याच्या भिंतीतली डक्ट मात्र मी काढली नाही. प्लंबिंगवाल्यांनी अजून विचारलेलं नाही.