नावाचा काही दोष नव्हता, आयपीच आपला नव्हता

सांगलीच्या घरी आई-बाबा दोघंच असतात. पुण्यातून तिथला डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा, बघता यावा, एवढंच मला हवं होतं. घरचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, बदलत राहतो; त्याला कायमचं नाव देणाऱ्या सेवेला डीडीएनएस म्हणतात. तशा नो-आयपी या सेवेवर फुकटचं नाव घेतलं, ते राउटरच्या डीडीएनएसच्या पानावर भरलं, डीव्हीआरचा आतला आयपी पक्का केला, पोर्ट फॉरवर्ड केला, म्हणजे बाहेरून आलेली हाक डीव्हीआरकडे वळवली. इथवर काहीच अडलं नाही. पुण्याला येऊन नाव टाकलं आणि पान नुसतं फिरत राहिलं. शेवटी टाइमआउट.

नावामागचा पत्ता दाखवणारी एनएसलुकअप ही कमांड चालवून पाहिली, तर नाव १०३ने सुरू होणारा पत्ता दाखवत होतं. घरच्या वायफायवरून ‘माझा आयपी कोणता’ असं गूगलवर शोधलं की तोच दिसायचा. म्हणजे डीडीएनएस आपलं काम चोख करत होतं. मग अडतंय कुठे?

इथून कस्टमर केअरची वारी सुरू झाली, आणि राग आहे तो याच टप्प्याचा. दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून कहाणी. ‘सर, राउटर बंद करून चालू करा.’ ‘सर, स्पीड तर बरोबर येतोय.’ मी विचारतोय बाहेरून आत येण्याबद्दल, उत्तर मिळतंय आतून बाहेर जाण्याबद्दल. एकाने ठणकावून सांगितलं, ‘आमच्याकडून सगळे पोर्ट ओपन आहेत, प्रॉब्लेम तुमच्या कॅमेऱ्यात आहे.’ त्यावर विश्वास ठेवून मी बाबांना डीव्हीआर रिसेट करायला लावला. सत्तरी ओलांडलेला माणूस स्टुलावर चढून माळ्यावरच्या वायरी बघतोय, आणि तिकडून एसएमएस येतो: आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. कोणी सोडवली, कशी सोडवली?

शेवटी बाबांना फोनवरच राउटरचं स्टेटस पान उघडायला लावलं. वॅन आयपी, म्हणजे राउटरला कंपनीकडून मिळालेला पत्ता, त्यासमोरचा आकडा त्यांनी चष्मा सावरत वाचला, ‘शंभर डॉट ब्याण्णव डॉट...’ पुढचं ऐकायची गरजच उरली नाही. राउटरकडे १००.९२, बाहेर जगाला दिसतोय १०३. हा सीजीनॅट! १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा २०१२ साली खास याच कामासाठी राखून ठेवला आहे. आयपीव्ही४चे, म्हणजे जुन्या पद्धतीचे, पत्ते संपत आले, म्हणून कंपन्या अनेक घरांना मिळून एकच पब्लिक पत्ता देतात; यालाच सीजीनॅट म्हणतात. मग बाहेरून आलेली हाक कंपनीच्या दारातच थांबते. आपल्या राउटरवर कितीही पोर्ट उघडा, तिथवर काही पोचतच नाही.

म्हणून डीडीएनएस चालत नसेल तर सगळ्यात आधी हे दोन आकडे ताडून बघा. जुळले नाहीत तर पोर्ट फॉरवर्डिंगवर वेळ घालवू नका. वॅन आयपी १९२.१६८ने सुरू होत असेल, तर बहुधा फायबरच्या डब्यामागे तुमचा दुसरा राउटर लागलाय. तो डबा ब्रिज मोडवर, म्हणजे जोडणी नुसती पुढे देईल असा, टाकून घेतला की काम होतं. आणि तपासणी मोबाइल डेटावरून करा. घरच्याच वायफायवरून बाहेरचं नाव टाकलं तर बरेच राउटर ते उघडूच देत नाहीत, आणि आपण उगाच चालू गोष्टीत दोष शोधत बसतो.

दोन्ही आकड्यांचे स्क्रीनशॉट जोडून मी मेल केला, तक्रार क्रमांक घातला, आणि प्रश्न एका ओळीत विचारला: हे कनेक्शन सीजीनॅटमागे आहे का, हो की नाही? उत्तर न देता तीही तक्रार बंद केली. मग दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमांनुसार कंपनीच्या अपिलेट ऑथॉरिटीकडे अपील केलं. अपिलाला पैसे लागत नाहीत, पण त्याला मुदत असते, बसून राहू नका. त्यानंतर नेटवर्कच्या माणसाचा फोन आला. त्याने दोन वाक्यांत कबूल केलं आणि जादा आकार घेऊन पब्लिक आयपी दिला. राउटर पुन्हा जोडला, वॅनसमोर १०३ आलं, आणि पुण्यातल्या मोबाइलवर आमचं अंगण दिसलं. इतके दिवस माझंच म्हणणं बरोबर होतं, याचा आनंद मला लपवता आला नाही.

पब्लिक आयपी मिळत नसेल तर टेलस्केल ही खासगी जोडणी (व्हीपीएन) करून देणारी सेवा बघा. ते आतून बाहेर जोडणी करतं, त्यामुळे सीजीनॅट आड येत नाही. मात्र डीव्हीआरवर ते बसत नाही, घरात रास्पबेरी पायसारखा एखादा छोटा कंप्युटर कायम चालू ठेवावा लागतो.

आणि डीव्हीआर थेट इंटरनेटवर उघडा ठेवू नका. २०१६ साली मिराई नावाच्या मालवेअरने फॅक्टरी पासवर्ड न बदललेले असलेच कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेऊन डीएनएस पुरवणाऱ्या डाइन कंपनीवर हल्ला केला होता. आयपी आल्यावर मी डीव्हीआरचा पोर्ट बंद केला आणि फक्त वायरगार्ड या व्हीपीएनचा ५१८२० पोर्ट ठेवला.

हे राहिलंच: नो-आयपीचं फुकटचं नाव दर ३० दिवसांनी कन्फर्म करावं लागतं. त्याचा मेल स्पॅममध्ये जाऊन पडतो, तिथे नजर ठेवा.