टिकी मग आधी पालथा करायचा

कॅलिफोर्नियातल्या अलामीडाला दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जुन्या वस्तूंचा मोठा बाजार भरतो. मी अंधारातच घर सोडते. टिकी मग म्हणजे कोरीव चेहऱ्याचा, रम प्यायचा मातीचा पेला. तो दिसला की चेहरा नंतर, आधी तो पालथा करून तळ बघायचा. तळाला 'ओएमसी जपान' असेल तर तो कॅलिफोर्नियातल्या ओटागिरी कंपनीने जपानमध्ये बनवून घेतलेला. 'ऑर्किड्स ऑफ हवाई' असेल तर नाव हवाईचं, पण कंपनी न्यूयॉर्कची.

गेल्या खेपेचा मग तपकिरी आहे. डोळ्यांच्या खोबणीत झिलई साचून काळी झालीय, नाकाच्या शेंड्यावर ती इतकी पातळ की खालची माती दिसते. तळाची कड बोटाला खरखरीत लागते. टिचकी मारून ऐकला, आई माठ घेताना ऐकायची तसा. खणखणीत! तडा असता तर आवाज बद्द आला असता. पंधरा डॉलर दिले, घासाघीस केलीच नाही.

हे मग प्रशांत महासागरातल्या पॉलिनेशिया बेटांवरून आलेले नाहीत. १९३०च्या दशकात डॉन बीचने हॉलिवूडमध्ये आणि व्हिक्टर बर्जेरॉनने ओकलंडमध्ये त्या बेटांच्या थाटाचे बार काढले, तिथून हे वेड पसरलं. न्यूझीलंडच्या माओरी परंपरेत मात्र टिकी म्हणजे पहिला माणूस. कुणाच्या तरी पूर्वजाच्या तोंडवळ्यातून रम प्यायची हे मला खटकतं, म्हणून माझ्या फळीवरचे सगळे मग रिकामेच असतात. दर शनिवारी मऊ ब्रशने त्यांच्या खोबणीतली धूळ काढते. आता त्याच घाटाचा हिरवा शोधतेय.