बोर्निओचं काय झालं?

"मॅडम, तुमच्या बोर्निओचं काय झालं?" हा प्रश्न मला स्टाफरूममध्ये विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, आणि एकदा तर मातीहून परतताना गाडीतसुद्धा विचारला होता. आग्नेय आशियातल्या बोर्निओ बेटावरचं जंगल बघायला जायचं, असं मी म्हणत आले त्याला दहा वर्षं झाली. मी दर वेळी "बघू, यंदा" म्हणते, विचारणारा हसतो आणि विषय बदलतो. त्या हसण्यावर मी कधी काही बोलले नाही. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सगळं सांगते.

आधी "जंगलच बघायचं तर ताडोबा आहे की" याचं उत्तर. ताडोबा मी दोनदा पाहिलाय आणि पुन्हाही जाईन. पण मी चोवीस वर्षं भूगोल शिकवते. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या वर्गात "विषुववृत्तीय सदाहरित वने" येतात. उंच झाडं, वर पानांचं सलग छत, दुपारी आरोह पर्जन्य म्हणजे तापलेली हवा वर चढून पडणारा पाऊस, जमिनीपर्यंत ऊन पोचत नाही. फळ्यावर आकृती काढते, मुलं उतरवून घेतात. एका वर्षी पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "बाई, ऊन पोचत नाही म्हणजे किती अंधार असतो? दिवेलागणीएवढा, का रात्रीएवढा?" मला सांगता आलं नाही. आपल्या लातूर जिल्ह्यात जंगल एक टक्काही नाही. कडुनिंबाच्या सावलीवरून त्या मुलीला मी काय समजावणार होते? तेव्हापासून हे डोक्यात आहे. ही हौस आहे हे मला मान्य आहे. पण तिचं मूळ वर्गात आहे, एवढं तरी लक्षात घ्या.

आणि बोर्निओच का, तर अॅमेझॉन आणि काँगो माझ्या आवाक्यात नाहीत, हे आहे. लातूरहून हैदराबाद एका रात्रीचं. तिथून क्वालालंपूर विमानानं चारेक तास, पुढे बोर्निओतलं सांडाकान तीन तासांच्या आत. भारतीयांना 31 डिसेंबर 2026 पर्यंत मलेशियाचा व्हिसा लागत नाही. बेट केवढं, तर महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठं. मलेशिया, इंडोनेशिया आणि ब्रुनेई असे तीन देश त्यात आहेत. मला जायचंय ते मलेशियाच्या साबा राज्यात, किनाबातांगान नदीवर. 560 किलोमीटरची नदी, काठाला सुकाऊ नावाचं गाव, आणि सकाळ-संध्याकाळ होडीनं फिरणं. पायी फार चालावं लागत नाही. माझ्या गुडघ्यांचा विचार करून हे मी नकाशावर बोट ठेवून ठरवलेलं आहे. त्या काठावर फक्त बोर्निओतच सापडणारी लांब नाकाची माकडं संध्याकाळी झोपायला नदीकडच्या झाडांवर येतात. बोर्निओत धनेश पक्ष्याच्या आठ जाती आहेत आणि आठही या नदीवर दिसतात. ओरांगउटान हा मोठा वानर जवळजवळ रोज रात्री फांद्या मोडून नवं घरटं बांधतो. मादीला सहा ते आठ वर्षांनी एक पिल्लू होतं आणि ते कितीतरी वर्षं आईला सोडत नाही. हे मला पाठ आहे. "न जाताच एवढं कसं माहीत?" असंही विचारतात. दहा वर्षं वाचलंय, म्हणून माहीत.

आता 2016.

8 मेचं तिकीट होतं. मी आणि नांदेडची माझी मैत्रीण, तीही शिक्षिका. पोस्टातली आरडी मोडून पैसे भरलेले. आणि त्या उन्हाळ्यात लातुरात काय होतं ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही. मांजरा धरण कोरडं, नळ बंद, टाक्यांजवळ जमावबंदी. गावाकडचा बोअर जानेवारीतच गेला होता, म्हणून वडिलांना, अप्पांना, मी लातूरला आणलं होतं. धाकटा भाऊ जनावरं घेऊन छावणीत. घरात दोनशे लिटरचा एक बॅरल, त्यावर झाकण, झाकणावर वीट. अप्पा तोंड धुतल्याचं पाणी परातीत धरून तुळशीला घालायचे.

12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. अप्पा ती बघायला स्टेशनवर चालत गेले. एकोणऐंशी वर्षांचा माणूस, आयुष्यभर शेती केलेला, रेल्वेतून पाणी आलंय ते बघायला गेला. मी गेले नाही. त्या दिवशी माझं पार्सल आलं होतं: रेनकोट, जळवांसाठीचे गुडघ्यापर्यंतचे मोजे, पाण्यात भिजू नये म्हणून कॅमेऱ्याची पिशवी. सगळं पलंगावर मांडून मी यादीशी ताडून बघत होते. अप्पा दुपारी परतले, खांद्यावरच्या उपरण्यानं मान पुसली आणि पलंगाच्या कडेला बसले. रेनकोटचं कापड त्यांनी दोन बोटांत धरून पाहिलं.

"हे कामून?"

"तिकडं पाऊस असतो, अप्पा."

"उन्हाळ्यात?"

"बारा महिने. जवळजवळ रोज."

"रोज," ते म्हणाले. थोडं थांबून, "आन नदी हाय म्हनलीस ना तिथं. वाहती हाय का?"

"वाहती आहे."

त्यांनी रेनकोटची बाही सरळ केली, नीट घडी घातली, बाजूला ठेवला. मग ओसरीत जाऊन आडवे झाले. पुढे काही नाही. रागावले नाहीत, नको म्हणाले नाहीत. त्या रात्री मी रद्द करण्याची मेल पाठवली. विमानाचे पैसे गेले, राहण्याचे निम्मे परत मिळाले.

मैत्रीण गेली. तिनं होडीतून काढलेला ओरांगउटान मादीचा फोटो पाठवला, पोटाशी पिल्लू. मी तो दोन महिने उघडला नाही.

गेली कित्येक वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की अप्पांसाठी रद्द केलं. ऐकणाऱ्याला पटतं, वर "चांगलं केलंत" असंही म्हणतात. पण ते पूर्ण खरं नाही, आणि हे मी पहिल्यांदाच लिहितेय. त्याच्या दोन दिवस आधी टँकरच्या रांगेत आमच्याच गल्लीतल्या एका बाईनं मला म्हटलं होतं, "मॅडम, तुम्ही परदेशात चाललात म्हणं. मग तुमच्या वाटणीच्या घागरी आम्हाला द्या की." ती टोमणा मारत नव्हती. तिच्या घरी सात माणसं होती आणि तिनं सरळ हिशेब केला होता. मी "देईन की" म्हणाले आणि घरी येऊन दार लावून बसले. मी तिकीट रद्द केलं ते त्या रांगेपायी. नाव अप्पांचं घेतलं, कारण ते शोभून दिसत होतं.

तेव्हाच्या मला आज विचारावंसं वाटतं, की बाई, तू न गेल्यानं बॅरलमध्ये एक तांब्या तरी जास्त पडला का? उलट एक माणूस कमी झाला असता तर त्या घरात दोन घागरी जास्त गेल्या असत्या. आणि तेव्हाची मी उत्तर देते, की पाणी मोजून पिणाऱ्या गल्लीतून तू रेनकोट घेऊन निघाली असतीस, तर परत आल्यावर त्याच गल्लीत मान वर करून फिरली असतीस का? दोघींचं भांडण अजून चालू आहे. कधी ही जिंकते, कधी ती.

भूगोलाच्या बाईला आणखी एक गोष्ट छळते. आमचा तो दुष्काळ ज्यानं केला, त्यानंच बोर्निओही जाळलं. 2015 ला प्रशांत महासागरात एल निनो, म्हणजे तिथलं पाणी नेहमीपेक्षा जास्त तापणं, जोरात होता. इकडे आपला पावसाळा कोरडा गेला. तिकडे बेटाच्या इंडोनेशियाकडच्या भागात, कालिमंतानमध्ये, पाऊस लांबला आणि पीटची जमीन महिनोन्महिने धुमसत राहिली. पीट म्हणजे हजारो वर्षं अर्धवट कुजत साठलेल्या झाडपाल्याची काळी, ओली जमीन. कालवे खणून तिचं पाणी काढलं की ती सुकते, आणि एकदा पेटली की खालून जळत राहते. धूर सिंगापूर, क्वालालंपूरपर्यंत गेला. आणि 2016 च्याच जुलैत बोर्निओचा ओरांगउटान "अतिसंकटग्रस्त" यादीत गेला. मी ज्या वर्षी रांगेत उभी होते त्याच वर्षी. हे वाचलं तेव्हा मला उगाच वाटलं की आपण आणि ते एकाच घरातले आहोत.

त्या सप्टेंबरात पाऊस आला, मांजरा भरलं. अप्पा गावी परतले होते. मी भेटायला गेले तर बांधावर माझाच रेनकोट घालून उभे. म्हणाले, "आता जा की तुझ्या नदीला." मला राग आला. आता कशी जाऊ? पैसे कुठून? पण तसं बोलले नाही, नुसतं हसले. अप्पा 2021 ला वारले.

मधली वर्षं थोडक्यात सांगते. 2019 च्या नोव्हेंबरात साबात इमान नावाची सुमात्रन गेंड्याची मादी मेली. मलेशियातला तो शेवटचा गेंडा. मी गेले असते तरी ती मला दिसली नसती, हे ठाऊक आहे. तरी "पुढच्या वर्षी" या शब्दाची त्या दिवशी भीती वाटली. लगेच 2020 च्या मेचं आरक्षण केलं, आणि मार्चमध्ये जग बंद झालं.

आता भावाचा प्रश्न. तुमच्यापैकी कोणी हा विचारत नाही, पण मला सगळ्यात जड हाच जातो. तो म्हणतो, "ताई, तिथलं जंगल तोडून पाम लावला. ते तेल आपल्याकडं येतं आन आपलं सोयाबीन पडतं. तिथं पैसा घालायला जायलीस?" तो खोटं बोलत नाही. जगात सगळ्यात जास्त पामतेल आपण आयात करतो. किनाबातांगानच्या काठाला अभयारण्य आहे, सुमारे 26,000 हेक्टर, पण तुकड्यातुकड्यांचं, आणि तुकड्यांच्या मध्ये तेलताडाचे मळे. होडीतून जे घनदाट दिसतं ते पुष्कळ ठिकाणी नदीकाठची पट्टीच आहे, हे मी उपग्रहाच्या नकाशावर तासन् तास बघितलंय. म्हणूनच तिथं एवढे प्राणी दिसतात. त्यांना जायला दुसरी जागा उरलेली नाही. सप्टेंबर 2024 मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क 20 टक्के केलं, तेव्हा भाऊ खूश होता. मे 2025 संपता संपता ते 10 वर आणलं. 2025 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये, आणि पावसानं काळं पडलेलं त्याचं सोयाबीन सौद्यात गेलं 3,900 नं.

मी त्याला सांगते की भाव पेंडीवरही ठरतो, नुसत्या तेलावर नाही. हेही सांगते की एका हेक्टरात पाम जेवढं तेल देतो तेवढं सोयाबीनमधून काढायचं तर कितीतरी पट जमीन लागेल, म्हणजे दुसरं कुठलं तरी जंगल जाईल. तो ऐकून घेतो आणि म्हणतो, "मग माझ्या रानाचं काय?" यावर माझ्याकडे उत्तर नाही. घरात पामतेल आणायचं मी बंद केलं, पण बिस्किटाच्या पुड्यावर बारीक अक्षरात ते असतंच. माझं म्हणणं एवढंच आहे, की काठावर माणसं येत राहिली, गावातल्या होड्या चालत राहिल्या, तर उरलेली पट्टी राखण्यात तिथल्या गावकऱ्यांचं पोट अडकून राहतं. हे मी स्वतःच्या सोयीसाठी मानते का, असंही मी स्वतःला विचारते. कधी कधी वाटतं, हो.

गेल्या सप्टेंबरातल्या अतिवृष्टीत भावाचं दोन एकर खरवडून गेलं. आरडीतले साठ हजार मी त्याला दिले. सगळे दिले नाहीत. कुणी विचारण्याआधीच सांगून टाकते. मी चोपन्न वर्षांची आहे, निवृत्तीला चार वर्षं आहेत. निवृत्तीनंतर जाऊन तो अंधार मी कुठल्या वर्गाला सांगू?

तर, 6 मे 2026. हैदराबाद, क्वालालंपूर, सांडाकान. सेपिलोकला दोन रात्री. तिथलं ओरांगउटान पुनर्वसन केंद्र 1964 पासूनचं आहे. मग सुकाऊला चार रात्री. मोजे तेच, दहा वर्षांपूर्वीचे, अजून पिशवीतून काढलेले नाहीत. रेनकोट गावाकडे खुंटीला आहे आणि भाऊ तो देत नाही. निम्मे पैसे भरलेत. उरलेले 15 मार्चला भरायचे आहेत. धरण यंदा भरलेलं आहे, हे मला माहीत आहे. तरी त्या दिवशी सकाळी मांजराच्या साठ्याचा आकडा बघूनच मी पैसे भरणार आहे. का, ते मात्र विचारू नका.