पुण्याजवळच्या खेड्यात भाड्याचं घर: माझा अनुभव

कोथरूडमधल्या आमच्या दोन खोल्यांचं भाडं दरवर्षी वाढत होतं आणि नवऱ्याचं नि माझं काम बरंचसं घरूनच चालत होतं. मग मुळशी तालुक्यातल्या एखाद्या गावात राहून बघू असं ठरलं. २०२३ मध्ये चांदणी चौकातला नवा पूल सुरू झाल्यापासून त्या बाजूने पुण्यात ये-जा करणंही पूर्वीइतकं जिवावर येत नाही. गावाचं नाव लिहीत नाही. पौडच्या अलीकडे, हमरस्ता सोडून आत, भातखाचरांमधलं गाव समजा.

घरं शोधायच्या ॲपवर अशा गावातली घरं सापडत नाहीत, तिथे सापडतात ते भूगाव-पिरंगुटचे फ्लॅट. गावठाणातलं घर मिळतं किराणा दुकानात. पण त्याआधी दुकानदाराने आमची उलटतपासणी घेतली. आडनाव काय, मूळ गाव कुठलं, आणि तरीही अंदाज येईना तेव्हा, “कुलदैवत कुठलं म्हणायचं तुमचं?” जात थेट विचारायची नाही आणि कळल्याशिवाय सोडायचंही नाही, ही जुनी रीत. शहरातही हे होतंच, फक्त फॉर्म भरून घेतात. इथे निदान चहा मिळाला.

त्याने तात्यांचं घर दाखवलं. पुढे ओटा, स्लॅबच्या दोन खोल्या, मागे पत्र्याचं स्वयंपाकघर. भाडं ७,०००, डिपॉझिट २५,०००. तोंडी सगळं ठरलं, आणि मी कराराचं नाव काढलं तसा तात्यांचा चेहराच बदलला.

“कागूद कशाला, ताई? आमी काय पळून चाललोय का?”

मला कागद हवाच होता. आधारवरचा पत्ता बदलायला पुरावा म्हणून करार लागणार होता. गॅस आणि इंटरनेटवालेही तोच मागत होते. तात्यांची भीती मात्र माझ्या डोक्यातही आली नव्हती. “आज घर म्हनताय, उद्या कूळ लागलं म्हंजे?” त्यांच्या चुलत्यांची खाचरं कूळकायद्यात गेली होती. कायदा १९४८ चा आणि जमीन ती कसणाऱ्या कुळाच्या नावावर होण्याची तारीख १ एप्रिल १९५७, पण तात्या परवाची गोष्ट असल्यासारखे बोलत होते. या भागात जमिनीवर दुसऱ्या कुणाचं नाव लागण्याचा धसका अजून गेलेला नाही, आणि मला तो अडाणीपणाचा वाटत नाही. ज्याचं गेलंय त्याला विचारा.

मग मी कराराचा मसुदाच घेऊन ओट्यावर बसले. लिव्ह अँड लायसन्स म्हणजे ठरलेल्या मुदतीपुरती वापरायची परवानगी. कूळकायदा शेतजमीन कसणाऱ्यासाठी आहे, घरात राहणाऱ्याला तो लागत नाही. कागदावर फक्त ग्रामपंचायतीचा घर नंबर येणार, शेताचा गट नंबर कुठेही नाही. त्यांच्या मुलाने एकेक ओळ मोठ्याने वाचली. तात्या तरी गप्पच. निकाल काकूंनी लावला. “अवो, कागदावर तारीख हाय, तारखेला निघतील तरी. नुसत्या बोलन्याचं काय, जिभेला हाड नसतंय.”

आता अडलं ते नमुना ८ वर. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो, ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा लागतो, आणि त्यावर तात्यांसोबत दोन भावांचीही नावं होती. तिघांचे अंगठे हवेत असं एजंट म्हणाला. एक भाऊ वाडीवर, एक मुंबईला. मुखत्यारपत्राचा घोळ कोण घालणार? चैत्रात भैरोबाची जत्रा असते, त्याला मुंबईकर यायचेच होते. एजंटाला जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन बोलावलं. आदल्या दिवशीच्या मटणाने सगळे सुस्त होते, पण घरात होते.

मुंबईच्या भावाचा अंगठा पहिल्याच खेपेला लागला. तात्यांचा काही केल्या लागेना. जन्मभर विळा, दोरखंड आणि चिखल. बोटांवरच्या रेषाच झिजून गेलेल्या. उजवा अंगठा झाला, डावा झाला, तर्जनी झाली. काकू खोबरेल घेऊन आल्या, एजंट ओरडला, “तेल नको, काच खराब होईल!” गरम पाण्याने हात धुतले, उपरण्याने कोरडे केले, आणि शेवटी डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट मशीनने मान्य केलं. मग आमचे, साक्षीदारांचे अंगठे आणि फोटो. स्टँप ड्युटी दोनशेच्या आसपास, नोंदणी फी ५०० (महापालिका हद्दीत तीच १,००० असते). एजंटाची फी या दोन्हींपेक्षा जास्त. दुय्यम निबंधकांकडून मंजुरी आली की करार ईमेलवर येतो, उतारा घेऊन रांगेत उभं राहायला नको. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे देणं राहिलं होतं, तेही मुलाने मोबाइलवरूनच केलं.

राहण्याचं म्हणाल तर पावसाळ्याआधी आलेल्या माणसाला घर कळत नाही. जूनमध्ये वारा सुटला की डीपी उडून वीज जाते, आणि तेव्हा वायरमनचा नंबर बायकोच्या वाढदिवसापेक्षा पाठ असावा लागतो, असं नवरा म्हणतो. आषाढात भिंतींना ओल चढते, कपाटातल्या कपड्यांना वास येतो. नळाला पाणी दिवसाआड येतं, म्हणून पाचशे लिटरची टाकी आम्ही स्वखर्चाने बसवली. जाताना ती घेऊन जायची हेही करारात लिहून घेतलंय. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत बांधावर घोणस निघते, रात्री बाहेर पडायचं तर बॅटरी आणि बूट. आणि कार्तिकात काकडा पहाटेच कर्ण्यावर सुरू होतो. त्याबद्दल तक्रार करू नये. आम्ही वर्गणीच देतो.

दिवाळीनंतर ग्रामपंचायतीच्या निवडणुकीचं वारं वाहू लागलं आणि दोन्ही पॅनेलची माणसं आलटून पालटून ओट्यावर यायला लागली: मतदारयादीत नाव घाला, फॉर्म आम्ही भरतो, पत्त्याचा पुरावा आहेच तुमच्याकडे. तात्यांचा पुतण्या एका पॅनेलमध्ये उभा राहणार होता. एक दिवस तात्या स्वतः आले, म्हणाले, “ताई, अकरा म्हैन्याचा कशाला, ह्या बारीला तीन वर्सांचाच कागूद करू की.”

आम्ही पुन्हा अकरा महिन्यांचाच केला, भाडं ७,३५०. मत अजून कोथरूडलाच आहे.